पणजीतली कथालेखन कार्यशाळा, १२०० रुपये आणि पूल नसलेली चवथ

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी लेखिका वगैरे नाही. फोंड्यात एका पतसंस्थेत काउंटरला बसते, पासबुकं भरते, आणि रात्री भांडी आवरली की वहीत काहीबाही लिहिते. दिवाळी अंकांना तीन वर्षं कथा पाठवतेय, दोनदा "साभार परत" आलं आणि एकदा तर तेवढंही नाही. त्यामुळे जूनमध्ये नणंदेने व्हॉट्सॲपवर पोस्टर पाठवलं, कथेचे मूलभूत घटक समजून घ्या, दोन दिवसांची कार्यशाळा, पणजी, शुल्क १२०० रुपये दुपारच्या जेवणासह, तेव्हा फार विचार न करता जीपे करून टाकलं. नवरा म्हणाला एवढ्या पैशात बाजारातून पंधरा पुस्तकं आली असती. पंधरा नसती आली, पण असो.

आता पाच-सहा जणींनी विचारलंय की कशी होती, पुढच्या बॅचला जाऊ का, आणि प्रत्येकीला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं इथे लिहिते. आयोजकांचं नाव घालत नाही, कारण खाली किरकिर बरीच आहे आणि गोवा एवढासा, उद्या बाजारात समोर उभे राहतील. ज्यांनी पोस्टर बघितलंय त्यांना कळेलच.

जुलैचा शनिवार-रविवार, म्हणजे पाऊस असा की कदंबाच्या बसमधून उतरून हॉलपर्यंत पोचेस्तोवर छत्री असून गुडघ्यापर्यंत भिजले. हॉल चर्चच्या मागच्या बाजूला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर, लाकडी जिना, खिडक्या मोठ्या आणि त्यातल्या दोन बंद होत नव्हत्या. चोवीस माणसं आणि पंखे तीन. कॉलेजची चार-पाच मुलं, रिटायर झालेले बरेच, दोन शिक्षिका, एक होमिओपॅथी डॉक्टर, आणि माझ्या शेजारी पिळर्णच्या एक मावशी, निवृत्त नर्स, ज्यांनी पहिल्या पाच मिनिटांत पिशवीतून टॉवेल काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या "पाय पूस आधी, साहित्य मग". या मावशी पुढे महत्त्वाच्या आहेत, लक्षात ठेवा.

शिकवणारे दोघे. एक सर पुण्याहून आलेले, कथाकार, आणि दुसरे सर आपल्याकडचेच, फोंडा महालात देवळांच्या उत्सवातली नाटकं बसवणारे दिग्दर्शक. पोस्टरवर पुण्याच्या सरांचा फोटो मोठा आणि आपल्या सरांचा पासपोर्ट साइज. दोन दिवसांनंतर माझं मत आहे की फोटो उलटे छापायला हवे होते, पण तो भाग येईल पुढे.

पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांना अठरा पानांचं टिपण वाटलं. बघते तर पान तीनपासून पुढे सगळी अक्षरं फुटलेली. जुन्या फॉन्टमधून नव्यात आणताना होतं ना तसं, "कथानक"च्या जागी चौकोन, डॉलरची खूण आणि एक अर्धवट वेलांटी. कुणी प्रिंट काढल्यावर एकदा तरी उघडून बघायचं की नाही! विचारलं तर म्हणाले पीडीएफ ग्रुपवर टाकतो. टाकली, मंगळवारी. तीही फुटलेलीच.

मग स्लाइड सुरू झाल्या. घटक सहा सांगितले, कथानक, पात्रं, स्थळकाळ, संघर्ष, निवेदन म्हणजे गोष्ट कोण सांगतंय ते, आणि आशय. प्रत्येकाची व्याख्या, व्याख्येखाली उपप्रकार, उपप्रकाराखाली अजून बाण. पात्रं प्रधान आणि गौण, सपाट आणि गोलाकार. संघर्ष माणसाचा माणसाशी, माणसाचा निसर्गाशी, माणसाचा समाजाशी, माणसाचा स्वतःशी. चुकीचं काही नव्हतं त्यात, पण बारावीच्या मराठीच्या गाइडमध्ये हे सगळं असतं आणि ते गाइड स्वस्त पडतं. पावणेबारापर्यंत मी वहीच्या मागच्या पानावर किराण्याची यादी करत होते, खोटं कशाला बोला.

त्यात तो त्रिकोण आला. कथा म्हणजे त्रिकोण, डावीकडून चढायचं, वर उत्कर्षबिंदू, उजवीकडून उतरायचं, संपलं. प्रत्येक कथा अशीच असते असं सर ठामपणे म्हणाले, तेव्हा मागून दिग्दर्शक सरांनी अगदी हळू सांगितलं की हा त्रिकोण गुस्ताव फ्रायटाग नावाच्या जर्मन लेखकाचा, १८६३ सालचा, आणि त्याने तो मांडला नाटकासाठी, ग्रीक आणि शेक्सपिअरच्या शोकांतिका डोळ्यांसमोर ठेवून. पाच भाग, शेवटी नायक कोसळणार. चार पानांच्या कथेला तो अंगरखा घातला की बाह्या लोंबायच्याच. पुण्याचे सर हसले आणि म्हणाले हो ते आहेच, आणि पुढची स्लाइड लावली. त्याच वेळी लाइट गेली. देव असतो कधी कधी.

इन्व्हर्टर नव्हता. प्रोजेक्टर बंद, पंखे बंद, बाहेर धो धो पाऊस. मग दिग्दर्शक सर उठून मध्ये खुर्ची ओढून बसले आणि खरं सांगते, कार्यशाळा तिथून सुरू झाली.

ते म्हणाले आपल्याकडे नाट्यशास्त्रात पण पाचच अवस्था आहेत, आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति, फलागम. नावांना घाबरू नका. कुणाला तरी काहीतरी हवंय, हा आरंभ. तो ते मिळवायला धडपडतो, प्रयत्न. मिळेल मिळेल असं वाटतं पण मध्ये काहीतरी आडवं येतं, ती प्राप्त्याशा. आडवं आलेलं बाजूला होतं आणि आता मिळणार हे नक्की होतं, ती नियताप्ति. आणि मिळालं की फलागम. फ्रायटागचा नायक शेवटी पडतो आणि आपला फळ घेऊन घरी येतो, एवढा फरक. पण दोन्हीकडे पहिली गोष्ट एकच, माणसाला काहीतरी हवं असलं पाहिजे. तुमच्या कथेतल्या माणसाला काय हवंय, एका ओळीत लिहा. चोवीस जणांपैकी निम्म्यांना लिहिता आलं नाही. मलाही नाही. माझ्या कथेतल्या बाबांना काय हवंय ते मला माहीतच नव्हतं, आणि कथा सहा पानांची लिहून झालेली!

मग त्यांनी इंग्रजी कादंबरीकार फॉर्स्टरचं ते प्रसिद्ध उदाहरण सांगितलं, १९२७ साली केम्ब्रिजला दिलेल्या व्याख्यानांतलं, राजा मेला आणि मग राणी मेली ही नुसती गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली हे कथानक. पुण्याच्या सरांच्या स्लाइडवरही ते होतं म्हणे, पुढे. पण इथे लगेच ते म्हणाले, राजाराणी सोडा, आपल्या घरातलं सांगा, "आणि मग"च्या जागी "म्हणून" घालून. एका काकांनी सांगितलं, "भावाने कुळागर (म्हणजे सुपारी-नारळाची बाग) विकलं आणि मग मी सुपारी खायची सोडली." सरांनी विचारलं "म्हणून" घालता येतं? काका गप्प बसले. बराच वेळ. मग मान हलवून हो म्हणाले. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही, फक्त त्या बंद न होणाऱ्या खिडकीतून पावसाचे शिंतोडे येत होते. अठरा पानांच्या टिपणातून जे कळलं नसतं ते तिथे कळलं.

पात्रांसाठीचा व्यायाम पण मस्त होता. नाव, वय, उंची, रंग काही लिहायचं नाही. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, आलाय, भोंगा वाजतोय, तुमचं पात्र पाव घ्यायला बाहेर येतं, सहा ओळी लिहा, बस. बहुतेकांनी लिहिलं की ते उंडे मागतं, पदेर म्हणतो संपले, पोळी घ्या (दोन्ही पावाचेच प्रकार). एक कॉलेजचा मुलगा होता, सकाळपासून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला, त्याने लिहिलं की त्याचं पात्र भोंगा वाजायच्या आधीच गेटवर येऊन उभं राहतं, भिजत, पदेर वळणावर दिसला की हात वर करून त्याला थांबवतं, कारण आत आई नुकतीच झोपलीय. एवढंच. आई आजारी आहे की काय, मुलाला तिच्याबद्दल काय वाटतं, एक शब्द नाही. नर्स मावशींनी डोळे पुसले आणि मग चष्म्यावर वाफ आली म्हणून पुसला असं दाखवलं.

जेवणाबद्दल लिहिलंच पाहिजे. "दुपारच्या जेवणासह" म्हणजे फॉइलच्या डब्यात व्हेज पुलाव, त्यात वाटाणे मोजून अकरा, आणि एक पापड जो जिन्यावरून वर येईपर्यंत सादळला. जूनच्या १ तारखेपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत नुस्तं म्हणजे मासे महाग, हे मान्य, मी कुठे हुमण, म्हणजे माशांची आमटी, मागते. पण पणजीत बसून निदान पातळ भाजी आणि पाव तरी द्यायचे! दुसऱ्या दिवशी अर्धे लोक डबा तिथेच ठेवून खाली भाजी-पाव खायला गेले. आयोजकांनी बघितलं पण काही बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी संध्याकाळी संवाद हा विषय आला आणि तिथे राडा झाला. पुण्याचे सर म्हणाले की संवाद प्रमाण मराठीतच ठेवा, बोली फार घातली की वाचक तुटतो. आता तुम्हीच सांगा, आम्ही घरात कोंकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो, आरत्या मराठी, शाळा मराठी, भांडण कोंकणी. माझ्या कथेतली आजी "अरे, तू किती भिजलास!" असं म्हणाली तर ती माझी आजी राहीलच कुठे, ती टीव्ही सिरियलमधली सासू होईल. दोन शिक्षिका तावातावाने उठल्या, होमिओपॅथी डॉक्टर म्हणाले की १९८७चा, कोंकणीला राजभाषा करणारा कायदा काय म्हणतो ते आधी बघा, तिसरे एक म्हणाले कायद्याचा इथे काय संबंध, आणि मला वाटलं झालं, कार्यशाळा आता आंदोलनात शिरते. दिग्दर्शक सरांनी थांबवलं. ते म्हणाले निवेदन मराठीत, संवाद पात्र जे बोलेल त्यात, आणि वाचकाला शब्द कळला नाही तरी प्रसंगावरून अर्थ कळेल अशी सोय करायची जबाबदारी लेखकाची, वाचकाची नाही. पुण्याच्या सरांना ते पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण एक सांगायला हवं, माणूस वाईट नाही, दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी स्वतः एका मुलीला विचारून "माटोळी" म्हणजे काय ते (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगतात ती चौकट) वहीत लिहून घेतलं.

रविवारी कथावाचन. प्रत्येकाने आपल्या कथेचं एक पान वाचायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. माझा नंबर सहावा.

माझी कथा अशी होती. १९८६ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, अस्नोड्याचं आमचं घर. माझ्या दादाचा जन्म त्याच वर्षाचा, त्याची ती पहिली चवथ, म्हणून साल नक्की. बाबा तेव्हा पणजीत एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचे. तर चवथीच्या आदल्या दिवशी दुकान बंद करून, बाजारातून माटोळीचं सामान घेऊन, स्कूटरवरून पूल ओलांडून ते घरी येतात आणि मग त्यांचं आणि काकांचं हिश्श्यावरून भांडण होतं. हे भांडण आमच्या घरात कधीच मोठ्याने सांगितलं गेलं नाही, पण त्या चवथीनंतर काका वेगळे झाले एवढं सगळ्यांना माहीत. पहिली दोन पानं मी अंगण, तुळस, पावसाळी हवा आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर घालवलेली. मला ती फार आवडायची.

पान वाचून संपायच्या आत नर्स मावशींनी हात वर केला. "१९८६च्या चवथीक पूल खंय आशिल्लो गो बाय?"

मी बघतच राहिले. पूल कुठे होता म्हणजे? मांडवीचा पूल मांडवीवर! मावशी म्हणाल्या पूल जुलैत पडला त्या वर्षी, याच महिन्यात, आणि चवथ त्यानंतरची. त्या तेव्हा ड्युटीला रोज पिळर्णहून बेतीला आणि बेतीहून फेरीबोटीने पणजीला यायच्या, त्यांना विसरायला झालंच नव्हतं. हॉलमधल्या पन्नाशीच्या वरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मी १९८९ची. माझ्या आठवणीत मांडवीला कायम पूल आहे, आता तर शेजारी शेजारी तीन आहेत, त्यातला अटल सेतू २०१९चा. पहिला पूल दोन दशकंही न टिकता पडला हे मी ऐकलेलं होतं, शाळेत, कुठेतरी, पण माझ्या बाबांच्या स्कूटरखाली तो नसेल हे डोक्यातच आलं नाही.

लाज वाटली. खोटं का बोलू, रडू आलं. पण दिग्दर्शक सर खुर्चीत पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "अरे वा, आता कथा सुरू होते." मग पहिल्या दोन पानांबद्दल म्हणाले, हा तुमचा आडदशावतार. दशावतारात आधी गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, संकासुर येऊन हसवून जातो, तोवर लोक जागा पकडतात, चहा पितात, आणि मग आख्यान लागतं. देवळासमोर ते शोभतं, कारण माणसं रात्रभर बसायला आलेली असतात. सहा पानांच्या कथेत वाचक चहा प्यायला गेला की परत येत नाही. आख्यान फेरीच्या धक्क्यावरून सुरू करा.

दुपारी मावशी मला ओढतच फेरीच्या धक्क्यावर घेऊन गेल्या. भाजी-पाव चालता चालता खाल्ला. पाऊस थोडा उघडलेला, नदीचं पाणी लाल गढूळ, बेतीहून फेरी येत होती आणि लोखंडी फळी धक्क्याला लागली की तो खर्रर्र आवाज. मावशी सांगत होत्या, पूल पडल्यावर इथे गर्दी केवढी, माणसं, सायकली, स्कूटरी, दुधाचे कॅन, आणि फळी पूर्ण टेकायच्या आधी उड्या मारणारे लोक. चवथीच्या आधी तर विचारूच नको, सगळ्यांच्या हातात नारळ आणि केळीचे घड. कुणाच्या तरी पिशवीतून कवंडळं, म्हणजे माटोळीला बांधायची रानफळं, खाली पडली आणि त्या लोखंडावरून घरंगळत गेली, लालभडक, आणि सगळे पाय वर करून त्यांना वाट देत होते कारण माटोळीचं फळ पायाखाली कसं येऊ द्यायचं. हे कुठल्या वर्षाचं ते त्यांना नक्की आठवत नव्हतं, पण बघितलं होतं हे नक्की. मी मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून घेतलं.

आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, बाकी रिव्ह्यू विसरलात तरी चालेल. आदल्या दिवशी स्लाइडवर स्थळकाळ हा एक घटक होता, सहांपैकी तिसरा, त्याच्याखाली दोन बाण, "कुठे" आणि "केव्हा". मला वाटायचं ते म्हणजे नाटकाचा मागचा पडदा, रंगवला की झालं, पुढे माणसं आपापलं काम करतील. पण पूल काढून घेतल्याबरोबर बघा काय झालं. बाबांना रांगेत उभं राहावं लागलं, म्हणून उशीर झाला. उशीर झाला म्हणून घरी माटोळीची चौकट रिकामी टांगलेली. गणपती सकाळी यायचा, रात्र होत आली, म्हणून काकांनी वाट बघून बघून कुळागरातले नारळ, सुपारीचे घोस, घरचा चिबूड बांधायला घेतला. आणि बाबा भिजत पोचले तेव्हा चौकटीत त्यांच्या सामानाला जागा उरली नव्हती. हिश्श्याचं भांडण मी दोन पानं संवादात लिहिलेलं, कोण काय म्हणालं, कुणाचा हक्क किती. त्यातलं एक वाक्यही लागत नव्हतं आता. दोन भाऊ, डोक्यावर भरलेली माटोळी आणि एकाच्या हातात कवंडळांची पिशवी. संघर्ष त्या चौकटीत आला, पात्रं त्यात आली, कथानकाचे सगळे "आणि मग" आपोआप "म्हणून" झाले, आणि मी यातलं एकही ठरवून केलं नाही, फक्त एक पूल नव्हता.

दुपारनंतर दिग्दर्शक सरांनी सगळ्यांना आपल्या कथेतल्या दहा ओळी दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेतून लिहायला सांगितल्या. मी आधी फेरीवरच्या खलाशाच्या नजरेतून लिहिल्या, छान झाल्या पण कोरड्या, त्याला रोजचीच गर्दी, त्याला माझ्या बाबांचं काय पडलंय. मग आईच्या नजरेतून. आईला फेरी दिसत नाही, रांग दिसत नाही, तिला दिसते रिकामी चौकट, मांडीवर काही महिन्यांचं मूल आणि दिराचा चढलेला आवाज. बाबांना उशीर का झाला हे तिला माहीत नाही आणि विचारायची सोय नाही. पुण्याचे सर स्वतः उठून आले, वही घेतली, वाचली, आणि म्हणाले हीच ठेवा, माहिती कमी असलेला माणूस गोष्ट सांगायला बरा. पहिल्यांदाच त्यांनी स्लाइडवर नसलेलं काहीतरी सांगितलं आणि ते माझ्या उपयोगाचं होतं. मग मी त्यांच्याबद्दल सकाळी जे मनात बोलले होते त्यातलं अर्धं मागे घेतलं.

चेखवची बंदूक पण झाली, ती कुठे नसते. कथेत सुरुवातीला भिंतीवर बंदूक दाखवली तर पुढे ती उडाली पाहिजे, नाहीतर दाखवू नका. हॉलमधल्या एकाच्याही घरात भिंतीला बंदूक नाही, तेव्हा आपण कोयती धरली. पण माझ्या डोक्यात ती कवंडळं बसली होती. दिसायला एवढी सुंदर, चवीला कडू जहर, आणि तरी गणपतीच्या डोक्यावर मान त्यांचाच. पहिल्या ओळीत फेरीवर घरंगळली तर शेवटी त्यांचं काहीतरी व्हायला हवं. काय ते अजून सापडलेलं नाही.

आशय या घटकाला शेवटची पंधरा मिनिटं मिळाली आणि त्यात सगळ्यांना एका शब्दात आपल्या कथेचा आशय लिहायला सांगितला. नऊ जणांनी "माणुसकी" लिहिलं. पुढे काही बोलत नाही. त्यानंतर प्रमाणपत्र वाटप, त्यात माझं आडनाव चुकलंय, आणि ग्रुप फोटो, ज्यात मी खांबामागे आहे.

तर व्यवहाराचं बोलायचं तर १२०० रुपये जास्त नाहीत, पण टिपण आणि जेवण बघता ८०० ठीक होते. पहिला दिवस सकाळी दहाचा असला तरी साडेअकराला गेलात तर काही चुकत नाही, व्याख्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात मिळतील. दुसरा दिवस मात्र एक मिनिट चुकवू नका. जाताना आपली कथा घेऊन जा, लिहून झालेली, वाईट असली तरी चालेल, किंबहुना वाईटच असू दे. रिकाम्या हाताने आलेल्यांना फार काही मिळालं नाही असं मला वाटलं, ते दोन दिवस दुसऱ्यांच्या कथांवर मान हलवत बसले. टॉवेल न्या. खिडकीजवळ बसू नका. फोंड्याला परत येणाऱ्यांनी पाचच्या पुढे थांबू नका, रविवारी संध्याकाळी बसला उभं राहायला जागा नसते. चोवीस जण फार होतात, माझ्यानंतर आठ जणांचं वाचन घाईघाईत उरकलं आणि त्या पदेरवाल्या मुलाची पूर्ण कथा ऐकायची राहिलीच, याचं मला अजून वाईट वाटतंय. आयोजकांना सांगितलं की पंधरा घ्या आणि फी वाढवा. विचार करू म्हणाले. पाचपैकी साडेतीन, आणि ते साडेतीन दिग्दर्शक सर, मावशी आणि लाइट गेली त्याबद्दल.

घरी आल्यावर रात्री मी बाबांना फोन केला. ते आता पंचाहत्तरीचे आहेत, अस्नोड्यालाच असतात, कान थोडे कमी. म्हटलं बाबा, छियांशीच्या चवथीला तुमची फेरी चुकली होती ना, म्हणून उशीर झाला ना? मी हे आधीच कथेत लिहून टाकलेलं, नुसती खात्री करून घ्यायची होती, रांग किती होती, पाऊस होता का, एवढंच.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू नाही आलं, म्हणून पुन्हा मोठ्याने विचारलं.

"चुकलीच ना गो," बाबा म्हणाले, म्हणजे चुकलीच नव्हती. "हांवें दोन सोडल्यो." मीच दोन सोडल्या.

मग थंय पावस आसा काय म्हणून विचारलं, नातवाच्या परीक्षेचं विचारलं, आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाले, "बरय तें," म्हणजे लिही ते, "म्हज्या भावाचें नांव मात बदल."